मरियम मिर्झाखानी न्यू फ्रंटियर्स पुरस्कार म्हणजे काय?

गणितात नुकतीच पीएच.डी. पूर्ण केलेल्या महिलांना दिला जाणारा हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे. ब्रेकथ्रू प्राइझ फाउंडेशनने तो २०१९ मध्ये जाहीर केला. पुरस्काराची रक्कम ५० हजार डॉलर आहे.

नाव कोणाचे?
मरियम मिर्झाखानी यांचा जन्म १९७७ मध्ये तेहरानला झाला. वक्र पृष्ठभागांच्या भूमितीवरील संशोधनासाठी २०१४ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. हे पदक १९३६ पासून दिले जाते. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०१७ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर हे पदक दुसऱ्या महिलेला, युक्रेनच्या मरीना व्याझोव्स्का यांना, मिळाले ते २०२२ मध्ये.

वेगळेपण काय?
फील्ड्स पदकासाठी वयाची मर्यादा चाळीस वर्षे आहे. पीएच.डी.नंतरची वर्षे मात्र बहुधा हंगामी नेमणुकांची असतात आणि अनेक महिलांवर घरची जबाबदारीही याच काळात येते. म्हणून पीएच.डी. होऊन दोन वर्षे उलटण्याआधीच केलेल्या या गौरवाला महत्त्व आहे. संशोधनात टिकून राहायचे की नाही, हे बरेचदा तेव्हाच ठरते.

पहिल्या मानकरी कोण?
नीना होल्डन, ऊर्मिला महादेव आणि लिसा पिचिरिलो. पिचिरिलो यांनी विद्यार्थिदशेतच ‘कॉनवे गाठी’चा प्रश्न आठवडाभरात सोडवला. तो सुमारे पन्नास वर्षे अनुत्तरित होता.