ब्लॉक कोपॉलिमर: फोटो फसला, एक्स-रेने चूक पकडली

बुटांच्या सोलमध्ये आणि रस्त्यांसाठीच्या सुधारित डांबरात एसबीएस नावाचा रबरासारखा पदार्थ वापरतात. तो ब्लॉक कोपॉलिमर आहे. म्हणजे दोन वेगळ्या पॉलिमरच्या साखळ्या टोकाला टोक जोडून तयार केलेला रेणू.

या साखळ्यांचं आपसात पटत नाही. तेल-पाण्यासारखं त्यांना वेगळं व्हायचं असतं, पण रासायनिक बंधामुळे लांब जाता येत नाही. मग पदार्थात साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे कप्पे पडतात. कुठल्या साखळीचं प्रमाण किती, यावर गोळे, दंडगोल की थर हे ठरतं.

हे कप्पे एक्स-रेला कसे दिसतात?

दोन भागांतली इलेक्ट्रॉनची घनता वेगळी असल्याने एक्स-रे थोडे विखुरतात. रचना जितकी मोठी, तितका कोन लहान. थरांची रचना दर ३० नॅनोमीटरला पुन्हा येत असेल, तर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कॉपर एक्स-रेसाठी तो जेमतेम ०.३ अंश भरतो! म्हणून या तंत्राचं नाव स्मॉल अँगल एक्स-रे स्कॅटरिंग, थोडक्यात सॅक्स. आलेखातल्या पहिल्या शिखरावरून अंतर कळतं, तर पुढच्या शिखरांच्या जागांवरून आकार. थर असतील तर १:२:३, षट्कोनी मांडणीतले दंडगोल असतील तर १:√३:२.

चूक नेमकी काय होती?

१९८६ मध्ये एडविन थॉमस आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या आकाराच्या ब्लॉक कोपॉलिमरमध्ये एक नवी रचना जाहीर केली: एकमेकींत गुंतलेल्या दोन जाळ्या, हिऱ्यातल्या अणूंसारख्या, प्रत्येक सांध्यावर चार दांड्या. यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांचा मोठा आधार होता. पण पातळ कापाचं चित्र म्हणजे शेवटी सावलीच, आणि वेगळ्या रचनांच्या सावल्या सारख्या दिसू शकतात.

१९९४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे सॅक्सच्या मदतीने 'गायरॉइड' ओळखला. यात सांध्यावर तीनच दांड्या असतात. पहिल्या दोन शिखरांचं गुणोत्तर दुहेरी हिऱ्यासाठी सुमारे १.२२ हवं, गायरॉइडसाठी १.१५. फरक एवढासाच, पण निर्णायक. त्यातल्या एका गटात खुद्द थॉमसही होते. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह जुन्या तारा-पॉलिमरची फेरतपासणी केली, तर तिथेही गायरॉइडच निघाला.

अर्थात सॅक्स थेट चित्र देत नाही, आकडे देतो. त्यामुळे आजही संशोधक मायक्रोस्कोप बाजूला ठेवत नाहीत.