कुत्र्याची चिवट खाज : कारणाचा शोध

कुत्र्याची खाज, चिवट : कुत्रा आठवडेच्या आठवडे अंग खाजवतो, चावतो, भिंतीला घासतो किंवा पंजे चाटत बसतो आणि औषध थांबले की पुन्हा तेच सुरू होते, अशी अवस्था. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. कारणे मुख्यतः चार : अंगावरचे परजीवी, त्वचेवर माजलेले जंतू किंवा बुरशी, अन्नाचे वावडे आणि परागकण, धुळीतले किडे इत्यादींचे वावडे, म्हणजे ॲटॉपी. एकाच कुत्र्यात यांतली दोन-तीन एकत्र नांदतात. त्यामुळे एका तपासणीत निकाल लागत नाही. एकेक कारण क्रमाने बाद करावे लागते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कुत्र्यांचे राहणे एकसारखे नाही. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर धो-धो पाऊस, राहुरी-श्रीरामपूर-कोपरगावकडे कालव्याचे पाणी, ऊस आणि गाईंचे ओले गोठे, तर कर्जत-जामखेड-पाथर्डीकडे कोरडा माळ. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर पावसाळा सरला की कळपासह कोकणाकडे उतरतात, कुत्री त्यांच्यासोबत चालतात. नगर शहरात मात्र लॅब्राडॉर, पग फरशीवर वाढतात. म्हणून खाज कुठे आहे याच्याइतकाच कुत्रा झोपतो कुठे, हा प्रश्न महत्त्वाचा. मुक्काम बदलताच खाज ओसरत असेल आणि परतल्यावर उसळत असेल, तर कारण कुत्र्याच्या जागेत शोधावे.

पहिला संशय पिसवांवर घ्यावा, त्या दिसत नसल्या तरी. पिसवांच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात आणि खाजवता-चावता तो पिसू गिळूनही टाकतो. कंबर, शेपटीचे बूड आणि मांड्यांची मागची बाजू इथले केस झडले असतील तर हेच कारण बहुधा निघते. उवा-लिखांची बारीक फणी या भागातून फिरवावी आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. मातीचा असा डाग पडत नाही. अंडी अंगावरून गळतात आणि अळ्या गोठ्याच्या भेगांत, पोत्याखाली, अंथरुणात वाढतात. उन्हाळ्यात उघड्या तापल्या माळावर त्या तग धरत नाहीत, गोठ्याच्या दमट सावलीत धरतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने वाट पाहू शकते. त्यामुळे एकट्या कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. घरातली मांजरे, शेजारी बांधलेल्या शेळ्या आणि झोपायची जागा यांचाही बंदोबस्त दोन-तीन महिने करावा लागतो. गोचीड डोळ्यांना दिसते म्हणून दोष तिच्यावर जातो. पण तिच्यामुळे पसरणारा गोचीडताप जास्त घातक, अंगभर खाजेचे कारण ती क्वचितच.

लूत दोन प्रकारची. सार्कोप्टीस किड्याची लूत भयंकर खाजते, कळपभर पसरते आणि माणसालाही काही दिवस पुरळ देते. कानाच्या कडा, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे ही तिची घरे. कानाची कड बोटांत धरून चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवू लागला तर संशय बळावतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण किडा अनेकदा सापडत नाही. अशा वेळी उपचार करून पाहणे हीच चाचणी ठरते. डेमोडेक्स मात्र केसांच्या मुळात राहतो, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून पिलाकडे येतो, इतर कुत्र्यांना सहसा लागत नाही आणि जंतुसंसर्ग जडेपर्यंत फारसा खाजतही नाही. खरवड खोल घेतली तर तो सहज दिसतो.

तेलकट, आंबूस वासाची कातडी मॅलॅसेझिया या बुरशीकडे बोट दाखवते; पुटकुळ्या आणि गोल खपल्या जंतूंकडे. चिकटपट्टीने घेतलेला ठसा रंगवून पाहिला की दोन्ही कळतात. ही बहुधा दुय्यम कारणे असतात, म्हणून ती बरी करूनही खाज उरली तर शोध पुढे न्यावा.

अन्नाचे वावडे रक्ततपासणीने खात्रीने कळत नाही, जाहिराती काहीही सांगोत. कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेले प्रथिन आठ आठवडे द्यायचे आणि दुसरे काही द्यायचे नाही, ही एकच भरवशाची रीत. नगरकडचे कुत्रे बाजरीची भाकरी, दूध, ताक आणि कोंबडीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर वाढते. तेव्हा दूध आणि कोंबडी आधी बंद. ज्या घरात मासळी शिजत नाही तिथे मासळी आणि बटाटा हा पर्याय चालतो. परीक्षा फसते ती बहुधा घरातल्या आजीच्या मायेने टाकलेल्या चतकोर भाकरीमुळे. खाज थांबली तर जुने अन्न मुद्दाम परत द्यावे. दोन आठवड्यांच्या आत ती उलटली की निदान पक्के.

एवढे सगळे बाद झाल्यावर ॲटॉपी म्हणावे. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. पंजे, काखा, पोट, तोंड आणि कान धरते. ॲलर्जीच्या चाचण्यांनी ॲटॉपी सिद्ध होत नाही, फक्त लसीसाठी घटक निवडता येतात. ती मुळासकट जात नाही, आटोक्यात राहते.

शोध सर्वाधिक बिघडतो तो पहिल्याच भेटीत दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने. खाज दोन दिवसांत बसते, पण खुणाही पुसल्या जातात आणि डेमोडेक्स असेल तर तो फोफावतो. जळके ऑईल चोपडण्याची रीत तर सरळ विषारी : कुत्रा ते चाटतोच. मेंढ्यांसाठीचे गोचीडनाशक अंदाजाने कालवून फवारणे किंवा आयव्हरमेक्टिन मेंढीच्या मापाने टोचणेही टाळावे. कॉली जातीच्या आणि तिच्या संकरित कुत्र्यांत २००१ मध्ये ओळखल्या गेलेल्या जनुकदोषामुळे हे औषध मेंदूत शिरून जीव घेऊ शकते.

दवाखान्यात नेण्याआधी दोन-तीन दिवस कुत्र्याला आंघोळ घालू नये आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.