एक मे : एका तारखेचा इतिहास

आमच्याकडे दिवस ओळखण्याच्या दोन रीती आहेत. गावाचे खरे दिवस तिथीने चालतात. आषाढी कधी, पालखी कधी, यात्रा कोणत्या पौर्णिमेस, हे विचारले तर कोणीही म्हातारे माणूस बोटांच्या पेरांवर मोजून सांगेल. तारीख ही त्यामानाने अलीकडची, कचेरी, शाळा आणि कारखाना यांनी आणलेली. तिथीला कथा असते, तारखेला बहुधा नुसता शिक्का असतो. तथापि काही तारखा अशा आहेत की त्यांच्यावर एकामागून एक घटनांची पुटे चढत गेली आणि त्यांनाही तिथीसारखे वजन आले. एक मे ही त्यांतली. ज्या वसंत व्याख्यानमालेच्या प्रथेचा पाया पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली घातला गेला, तिच्या ऐन मोसमात ही तारीख येते. म्हणून या वेळी तिच्याविषयीच बोलावे असे आम्हांस वाटले.

बोलताना आमच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे न ठेवता आम्ही निरवांगी ठेवणार आहोत. इंदापूर तालुक्यातले, नीरेच्या काठचे हे गाव. तेथे एक मेच्या सकाळी तीन गोष्टी घडतात. झेंडावंदन होते. शाळेचा निकाल लागतो, म्हणजे पोरांच्या दृष्टीने या दिवसाचा मुख्य सण हाच. आणि ग्रामसभेच्या ठरावीक दिवसांपैकी हा एक असल्याने ग्रामपंचायतीपुढे माणसे जमतात, किंवा जमायला हवीत.

झेंडा कशाचा ते सर्वांस ठाऊक आहे. ३० एप्रिल १९६० ची मध्यरात्र उलटली आणि मुंबईच्या राजभवनात पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचे उद्घाटन झाले. श्रीप्रकाश राज्यपाल आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी अहमदाबादेत रविशंकर महाराजांच्या हस्ते गुजरातचा आरंभ झाला. दोन भावंडे वेगळी निघाली, पण तो दिवस दोघांनीही सण म्हणून साजरा केला, हे आम्हांस नेहमी मोठे वाटत आले आहे. वाटणी सुखासुखी झाली नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढे फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. या लढ्यात शंभरावर माणसे कामी आली. त्यांत गिरणीत खपणारे कामगार होते, खेड्यातून पोट भरण्यास मुंबईला गेलेले होते. बेळगाव-कारवारचा प्रश्न मात्र त्या मध्यरात्रीस बाहेर राहिला, तो आजही बाहेरच आहे.

इकडे हा सोहळा चालला असता त्याच दिवशी रशियाच्या आकाशात स्वेर्डलोव्स्कजवळ अमेरिकेचे टेहळणीचे विमान पाडले गेले आणि गॅरी पॉवर्स हा वैमानिक पकडला गेला. जगाच्या वृत्तपत्रांना आमच्या राज्याच्या जन्मापेक्षा ती बातमी मोठी वाटली असल्यास नवल नाही!

राज्याच्या स्थापनेस हीच तारीख का, याची नाना स्पष्टीकरणे ऐकू येतात. कायद्यात ती केवळ 'नियत दिवस' म्हणून नमूद आहे. पण गिरणगावात मात्र त्या दिवशी दोन सण एकत्र आले, कारण एक मे हा कामगारांचा दिवस पूर्वीपासून होताच. त्याचे मूळ अमेरिकेत शिकागो शहरी. १ मे १८८६ पासून तेथील कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप आरंभिला. चौथ्या दिवशी हेमार्केट चौकात बाँब पडला, गोळ्या चालल्या, आणि पुढे कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. १८८९ मध्ये पॅरिसच्या समाजवादी परिषदेने ठराव केला आणि १८९० पासून हा दिवस देशोदेशी पाळला जाऊ लागला. हिंदुस्थानात तो पहिल्याने १९२३ साली मद्रासेस सिंगारवेलू चेट्टियार यांनी पाळला.

हे सारे सांगितले जाते, पण त्याच १८९० सालची आमच्या घरची एक गोष्ट त्यात राहून जाते. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सादर केला. मागणे काय होते? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. आठ तासांचे नावही त्यात नव्हते. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम करणाऱ्या माणसाला आठ तास मागणे त्या काळी सुचणारही नव्हते. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज रविवारी दुपारी पडी टाकताना लोखंड्यांची आठवण किती जणांना होते कोण जाणे. आठवड्याचे काम ४८ तासांवर आणणारा कायदा तर १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना त्यांनी धरलेल्या आग्रहानंतर, झाला.

आता निरवांगीकडे वळू. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर वसविलेले वालचंदनगर येथून दूर नाही. तेथल्या कारखान्यामुळे पाळी, हजेरी, रजा हे शब्द या भागातल्या घरांत रुजले. पण त्या कारखान्यांना ऊस तोडून देणारा मनुष्य पाहा. बीड-नगरकडून तो बायकोसह येतो. दोघांना मिळून हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. ट्रक केव्हा येईल त्यावर त्याचा दिवस ठरतो, मग पहाटेचे तीन असोत की मध्यरात्र असो. एक मे उजाडतो तेव्हा हंगाम बहुधा आटोपलेला असतो आणि तो आपल्या गावी परतलेला असतो. शिकागोचे आठ तास कारखान्याच्या फाटकातून आत गेले, फडापर्यंत काही आले नाहीत.

ग्रामसभेची गोष्टही याच तारखेशी निगडित आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. राज्य मिळाल्याला बरोबर दोन वर्षे झाली होती. ही तारीख योगायोगाने पडली नव्हती. मुंबईला आलेले राज्य तालुक्यापर्यंत न्यावयाचे होते. ते किती पोहोचले हे ग्रामसभेस कोण येते, कोण ओसरीवरूनच ऐकते आणि बायकांना बोलू दिले जाते की नाही यावरून कळते.

आता ज्या घटनेसाठी आम्ही मुख्यत्वे ही तारीख निवडली ती. नीरा निरवांगीवरून पुढे जाऊन नरसिंहपुरास भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. निरवांगीचे पाणी पंढरीस जाते आणि माणसेही जातात. सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी लासुर्ण्याहून निरवांगीस मुक्कामी येते व मग अकलूजची वाट धरते. या वाटेने पिढ्यान् पिढ्या अनेक जातींची माणसे चालली. पण पंढरीस पोहोचल्यावर सर्वांची वाट एकाच ठिकाणी संपत नसे. अस्पृश्य मानलेला वारकरी महाद्वारापाशी, चोखोबाच्या समाधीजवळ थांबे. मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून तेथे पुरल्या, असे परंपरा सांगते. म्हणजे चोखोबाही दाराबाहेर आणि त्याच्या मागून सहाशे वर्षे आलेले त्याचे लोकही दाराबाहेर.

साने गुरुजींना हे सोसवले नाही. १९४६ च्या अखेरीस त्यांनी उपवासाचा निश्चय केला. मित्रांनी थांबवले तेव्हा त्यांनी तो पुढे ढकलला आणि मधले महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली. सेवादलाची मुले गाणी म्हणत बरोबर असत. कितीतरी गावांनी आपल्या विहिरी आणि देवळे मोकळी केली. पंढरपूर मात्र हलले नाही. मग १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले.

या उपोषणातला सर्वांत कठीण प्रसंग विरोधकांनी आणला नाही, तो आपल्याच माणसाकडून आला. गांधीजींना चुकीची माहिती मिळाली होती, त्यांनी उपवास सोडावा असे कळविले. ज्यांना गुरुजी गुरुस्थानी मानत त्यांचाच हा शब्द! गुरुजींनी नम्रपणे, पण स्पष्ट, नकार कळविला. मृदू म्हणून ओळखला जाणारा हा मनुष्य किती कणखर होता ते येथे दिसते, आणि 'श्यामची आई' वाचून त्यांना केवळ रडवे समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. गणेश वासुदेव मावळंकर पंढरपुरास येऊन मध्यस्थीस उभे राहिले. दहा दिवसांनी बडवे मंडळींनी मान्यता दिली व उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

देश स्वतंत्र होण्यास तेव्हा साडेतीन महिने उरले होते. त्या वर्षीची आषाढी त्याच्याही आधी आली. सोपानकाकांची पालखी रीतीप्रमाणे नीरेच्या वाटेने गेली. वाट तीच आणि वाळवंटही तेच होते, पण जे चोखोबाच्या समाधीपाशी थांबत आले होते त्यांना नामदेवाच्या पायरीवरून आत जाण्यास मान्यता मिळाली होती.