पोर्तुगीज भाषा आणि ऑलिम्पिकचें मैदान

इ. स. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो ह्या नगरींत ऑलिम्पिक क्रीडामहोत्सव भरला. दक्षिण अमेरिका खंडांत हा महोत्सव भरण्याची ती पहिलीच वेळ. आणि जेथील लोकभाषा पोर्तुगीज आहे अशा देशांतहि तो तेव्हांच प्रथम भरला. त्या प्रसंगाचा धागा धरून पोर्तुगीज भाषेंतील खेळांचे कांहीं शब्द आणि त्या शब्दांमागचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावा, असा विचार आहे.

ही भाषा आपणांस अगदींच परकी नाहीं. इ. स. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवा घेतला. पुढें वसईहि त्यांच्या हातीं गेली. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई सोडविली, आणि १९६१ च्या डिसेंबरांत गोमंतक मुक्त झाला. सत्ता गेली, शब्द मात्र राहिले. पाव, बटाटा, चावी, साबण, पगार, लिलाव हे शब्द त्याच भाषेंतून आपल्या घरांत आले, ह्याची आज कोणास आठवणहि होत नाहीं. मैदानावरील शब्द आपण घेतले ते इंग्रजींतून. म्हणून पोर्तुगीज क्रीडाशब्द आपणांस नव्यानें शिकावे लागतात. शब्दाला गोष्ट जोडून दिली म्हणजे तो मुलांच्या ध्यानांत राहतो, असा शाळेंतील माझा अनुभव आहे. तीच रीत येथें अनुसरतों.

खेळ म्हणजे 'जोगु'. शब्दाच्या अंतीं लिहिलेल्या 'ओ'चा उच्चार 'उ'सारखा होतो, हें ध्यानांत ठेवावें. सोनें म्हणजे 'ओरु', चांदी म्हणजे 'प्राता', आणि पदक म्हणजे 'मेदाल्या'. तें पदक ज्या पट्टीनें गळ्यांत घालतात तिचें नांव 'फिता'. आपली 'फीत' ती हीच.

धांवण्याची शर्यत म्हणजे 'कोर्रिदा'. ह्या शब्दाची पहिली कथा दुःखाची आहे. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें पोर्तुगाल देश प्रथमच ऑलिम्पिकमध्यें उतरला. त्याचा ध्वज हातीं घेऊन चालणारा फ्रान्सिस्कु लाझारु हा लिस्बनचा एक सुतार होता. मॅरेथॉनच्या दिवशीं ऊन फार कडक होतें. उन्हानें अंग भाजूं नये म्हणून त्यानें शरीरास मेणासारखा लेप लावला, असें सांगतात. त्यामुळें घाम बाहेर पडेना. वाटेंतच तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. आधुनिक ऑलिम्पिकच्या स्पर्धेंत प्राण गमावणारा तो पहिला खेळाडू होय.

नेमबाजीस 'तिरु' म्हणतात. आपल्या 'तीर' शब्दाशीं त्याचें साम्य आहे, तें योगायोगाचें; आपला तीर फारसींतून आला. १९२० सालीं अँटवर्प येथें ब्राझीलचा संघ पहिल्यानेंच आला, तेव्हां प्रवासांत त्यांच्या सामानांतील शस्त्रें व दारूगोळा चोरीस गेला. अमेरिकन नेमबाजांनीं आपलीं पिस्तुलें आणि काडतुसें त्यांना उसनीं दिलीं. त्या उसन्या हत्यारानें गिल्येर्मे पाराएन्से ह्या सैनिकानें ब्राझीलचें पहिलें सुवर्णपदक जिंकलें. त्या भाषेंत पिस्तुलास 'पिस्तोला' आणि काडतुसास 'कार्तुशु' म्हणतात. आपल्या पूर्वजांनीं हे दोन्ही शब्द त्यांच्याकडूनच उचलले आहेत.

ब्राझीलची गरिबी त्यानंतरहि सरली नव्हती. १९३२ सालीं लॉस एंजलिस येथें जावयास पैसा नाहीं म्हणून सरकारनें खेळाडूंना कॉफीनें भरलेल्या जहाजांतून धाडलें. वाटेंतील बंदरांत कॉफी विकावी आणि खर्च भागवावा, अशी योजना होती. कॉफी पुरेशी खपली नाहीं, आणि कित्येक खेळाडूंना जहाजावरच राहावें लागलें. जे उतरले त्यांत मारिया लेंक ही सतरा वर्षांची मुलगी होती. पोहण्यास 'नातासांव' म्हणतात. त्या खेळांत उतरून ती ऑलिम्पिकमध्यें भाग घेणारी दक्षिण अमेरिकेंतील पहिली स्त्री ठरली.

उडी म्हणजे 'साल्तु', आणि तिहेरी उडी म्हणजे 'साल्तु त्रिप्लु'. हा शब्द आद्‌येमार फेरेइरा दा सिल्वा ह्यानें जगाच्या कानीं घातला. तो कृष्णवर्णीय कामकरी कुटुंबांतला मुलगा. त्याच्या देशांत गुलामगिरी १८८८ पर्यंत कायद्यानें चालू होती, हें येथें आठवावें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यानें एकाच दुपारीं जागतिक उच्चांक दोनदां मोडून १६.२२ मीटर अंतर गांठलें, आणि १९५६ मध्यें मेलबर्न येथें पुन्हां सुवर्णपदक मिळविलें. विजयानंतर मैदानास जी फेरी घालतात तिला 'व्होल्ता ऑलिंपिका' म्हणतात. ती प्रथा हेलसिंकीस त्याच्यापासून पडली, असें ब्राझीलमध्यें मानतात. त्याच हेलसिंकींत, त्याच जुलै महिन्यांत, कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. ते ज्या फ्रीस्टाईल प्रकारांत लढले त्यास पोर्तुगीजमध्यें 'लुता लिव्रि', म्हणजे मोकळी कुस्ती, असें नांव आहे.

आतां एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या देशानें ही भाषा समुद्रापार नेली, त्या पोर्तुगालला स्वतःचें पहिलें सुवर्णपदक केव्हां मिळालें? १९८४ सालीं! म्हणजे त्याच्या जुन्या वसाहतीनें तें मिळविल्यानंतर चौसष्ट वर्षांनीं. जिंकणारा कार्लुश लोपिश तेव्हां ३७ वर्षांचा होता. शर्यतीपूर्वीं थोडेच दिवस लिस्बनमध्यें सराव करतांना त्यास मोटारीची धडक बसली होती. तरीहि त्यानें लॉस एंजलिसची मॅरेथॉन २ तास ९ मिनिटें २१ सेकंदांत पुरी केली. लाझारु ज्या शर्यतींत पडला, तीच ही शर्यत. चार वर्षांनीं सोल येथें रोझा मोता हिनें स्त्रियांची मॅरेथॉन जिंकली.

आफ्रिकेंतील मोझांबिक १९७५ सालीं पोर्तुगालच्या सत्तेंतून मुक्त झाला. तेथील मारिया मुतोला लहानपणीं मुलांबरोबर फुटबॉल खेळे. कवि जुझे क्राव्हेरिन्या ह्यांनीं तिच्या अंगचा वेग ओळखून तिला धांवण्याकडे वळविलें. २००० सालीं सिडने येथें ८०० मीटर शर्यत जिंकून तिनें आपल्या देशास पहिलें सुवर्णपदक दिलें.

'पाद्री' हा आपल्या ओळखीचा आणखी एक पोर्तुगीज शब्द. २००४ सालीं अथेन्स येथें ब्राझीलचा व्हांदेरलेइ दि लिमा मॅरेथॉनमध्यें सर्वांच्या पुढें असतां, कामावरून दूर केलेल्या एका आयरिश पाद्र्यानें रस्त्यांत घुसून त्यास गर्दींत लोटलें. एका ग्रीक प्रेक्षकानें त्याची सुटका केली. तो पुन्हां धांवूं लागला, आणि तिसरा येऊनहि हंसतमुखानें, दोन्ही बाहू पसरून, मैदानांत शिरला. त्याची खिलाडू वृत्ति पाहून त्यास पिएर द कूबर्तां पदक देण्यांत आलें. पुढें रिओ येथें ५ ऑगस्ट २०१६ रोजीं ऑलिम्पिकची ज्योत पेटविण्याचा मान ब्राझीलनें ह्याच पुरुषास दिला.

प्रेक्षकांसाठीं आणखी थोडे शब्द सांगतों. विजय म्हणजे 'व्हितोरिआ', पराभव म्हणजे 'देर्रोता'. 'व्हामुस' म्हणजे चला, 'फोर्सा' म्हणजे जोर लावा, आणि 'पाराबेंस' म्हणजे अभिनंदन. आभार मानतांना पुरुषानें 'ओब्रिगादु' म्हणावें, स्त्रीनें 'ओब्रिगादा'. गोलरक्षकास ब्राझीलमध्यें 'गोलेइरु' म्हणतात. पोर्तुगालमध्यें मात्र 'ग्वार्दा-रेदिश', म्हणजे जाळ्यांचा राखणदार. पाठिराख्यांच्या जमावास ब्राझीलचे लोक 'तोर्सिदा' म्हणतात. मूळ धातूचा अर्थ पीळ घालणें. २० ऑगस्ट २०१६ रोजीं माराकानां मैदानावर फुटबॉलचा अंतिम सामना जर्मनीशीं १-१ असा बरोबरींत राहिला आणि पेनल्टींवर ५-४ असा ब्राझीलनें जिंकला. तेव्हां त्या जमावाच्या जिवाला किती पीळ पडला असेल, ह्याची कल्पना करावी.

भाषा राज्यकर्त्यांबरोबर येते, पण ती त्यांचीच राहते असें नाहीं. पोर्तुगीज भाषेला मैदानावरचा मोठा मान मिळवून दिला तो लिस्बनच्या दरबारानें नव्हे. सुतारानें, शिपायानें, कामकऱ्याच्या मुलानें आणि मोझांबिकच्या मुलीनें दिला. पाव आणि चावी हे शब्द आपण आपले म्हणून वापरतों, तेहि अशाच रीतीनें आपले झाले आहेत. पुढील ऑलिम्पिकच्या वेळीं एखादा पोर्तुगीजभाषी खेळाडू धांवतांना दिसला, तर एकदां 'फोर्सा' म्हणावें, एवढीच विनंति.