तळटीप : डोळ्याच्या पडद्याचा ओसीटी

* लेखकाने ‘डोळ्याची सोनोग्राफी’ लिहिले असले, तरी हनुवटी टेकवून आतल्या खुणेकडे एकटक पाहायला लावले, डोळ्याला काही लावले नाही, या वर्णनावरून ही तपासणी ओसीटीची, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीची, असणार. गल्लत समजण्यासारखी आहे. दोन्हींत तत्त्व प्रतिध्वनीचेच. इथे आवाजाऐवजी अवरक्त प्रकाश. पण प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. पडद्याच्या दोन थरांवरून परतणाऱ्या किरणांतला वेळेचा फरक इलेक्ट्रॉनिक घड्याळाच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून वेळ थेट मोजतच नाहीत. किरण दुभागून एक भाग डोळ्यात, दुसरा आरशाकडे पाठवतात; दोघांनी कापलेले अंतर जवळपास सारखे असेल, तरच परतल्यावर त्यांचे व्यतिकरण होते. आरशाचे अंतर ठाऊक असते, त्यावरून थराची खोली कळते, तीही १० मायक्रॉनच्या आसपास अचूक. (आताच्या बहुतेक यंत्रांत आरसा हलवत नाहीत, परतलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातून हिशेब काढतात.) हुआंग, स्वॉनसन, फुजिमोटो व सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. डोळा पारदर्शक, म्हणून तिथे ती चांगलीच फळली. त्वचेत किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीत प्रकाश विखुरतो आणि एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडचे काही धड दिसत नाही. मोतीबिंदू पार पिकलेला असेल, तर मात्र ओसीटीचा उपयोग होत नाही. तिथे खरोखरच सोनोग्राफी करतात.