शेवटचा ठिपका

आज आपण एका ठिपक्याचा इतिहास पाहू. वाक्य संपलं की आपण पूर्णविराम देतो. इंटरनेटवरच्या नावालाही शेवटी असा एक ठिपका असतो, पण तो सहसा कुणी लिहीत नाही. फायरवॉल पुष्कळदा अडखळते ती इथेच.

अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळी. गाव लहान असलं की नुसतं ‘पाटलांचं घर’ म्हटलेलं पुरतं, तसं ते होतं. जाळं वाढलं आणि यादी आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था मांडली. तिच्यात नावाचं मूळ उजवीकडे असतं. त्या मुळाला स्वतःचं नाव नाही. उरतो तो फक्त ठिपका. ठिपका दिला की नाव पूर्ण झालं. नाही दिला, तर यंत्र आपल्या मनाने पुढे शेपूट जोडून पाहू शकतं.

आता गंमत बघा. १९८५ च्या नियमात होस्टनेम २४ अक्षरांपर्यंतचं, सुरुवात अक्षरानेच आणि शेवटी ठिपका चालणार नाही, असं होतं. १९८९ मध्ये आकड्याने सुरुवात करायला मुभा मिळाली आणि ६३ अक्षरांपर्यंतची नावं स्वीकारणं बंधनकारक झालं. म्हणजे जुना नियम धरून बसलेली तपासणी बरोबर नावालाही चूक ठरवते.

उलट बाजूचा धोका १९९३ मध्ये एहूद गॅव्ह्रॉन यांनी दाखवला. एखाद्या कंपनीतल्या माणसाने विद्यापीठाचं, ‘ईडीयू’ने संपणारं नाव टाकलं, की प्रणाली त्याला कंपनीच्या डोमेनचे तुकडे जोडून पाही. त्यात शेवटी ‘ईडीयू डॉट कॉम’ची पाळी येई. ते डोमेन ज्याच्या हाती, त्याच्या दारात हा पाहुणा जाणार! पासवर्ड तिथेच टाकला तर?

फायरवॉलचं कामही असंच नाजूक. पॅकेटवर पत्ता असतो तो आकड्यांचा. नियमात मात्र आपण नाव लिहितो. अपुरं नाव लिहिलं, तर फायरवॉल भलतंच शेपूट जोडून भलत्याच पत्त्याला वाट देऊ शकते. आणि नावं अक्षरशः जुळवली, तर बंदी घातलेलं नाव शेवटी एक ठिपका लावून निसटतं.

तेव्हा क्रम असा हवा: नाव पूर्ण आहे का ते ठरवायचं, शेवटचा एकच ठिपका ओळखून बाजूला ठेवायचा, लहान-मोठी लिपी सारखी करायची, प्रत्येक तुकडा ६३ च्या आत आणि ठिपका सोडून सगळं नाव २५३ च्या आत आहे ना ते पाहायचं, आणि मगच नियमाशी ताडायचं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गातही आपण हेच करत होतो, नाही का? विधान खरं की खोटं हे नंतर. ते कशाविषयी आहे, हे आधी.