रूपकुंड: गारपिटीच्या गोष्टीचं काय झालं?

वारज्यात राहणाऱ्या कुणालाही ट्रेक म्हटलं की आधी सिंहगड आठवतो. त्याची उंची सुमारे १,३०० मीटर. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं रूपकुंड जवळजवळ चौपट उंचीवर, ५,००० मीटरच्या वर आहे. वर्षातला बराच काळ गोठलेलं हे छोटं तळं काठावरच्या शेकडो माणसांच्या हाडांमुळे प्रसिद्ध झालं. १९४२ मध्ये एका वनाधिकाऱ्याने ही हाडं पाहिली, तेव्हापासून प्रश्न एकच: ही माणसं कोण?

या प्रश्नाचा माग काढायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी या हाडांवर काम केलंय. तीन जणांच्या हाडांवर आघाताच्या, भरून न आलेल्या खुणा सापडल्या. जखम भरलेली नाही, म्हणजे ती मृत्यूच्या वेळची. स्थानिक कथेतही नंदादेवीच्या यात्रेला निघालेला राजा नाचगाण्यात रमतो, देवी कोपते आणि सगळे मरतात. शिवाय सुरुवातीच्या कालमापनातून इ.स. ८५०च्या आसपासचा काळ आला. झालं, गोष्ट जुळली: यात्रेकरूंचा एक जथा, एक गारपीट, एक दिवस.

पण २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांचाही सहभाग असलेला एक शोधनिबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्यात ३८ जणांचा डीएनए वाचला गेला. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, साधारण इ.स. ८००च्या सुमाराचे, तेही सगळे एकाच वेळी मेलेले नाहीत. १४ जणांचं नातं पूर्व भूमध्य समुद्राच्या भागाशी, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जवळचं! आणि काळ? साधारण इ.स. १८००, म्हणजे आपल्याकडची उत्तर पेशवाई. हाडांतल्या कार्बनवरून आहार कळतो, तोही या दोन गटांचा वेगळा निघाला. उरलेला एक जण आग्नेय आशियाई वंशाचा.

मग गारपीट खोटी का? तसं नाही. काही जण गारपिटीत गेलेही असतील. चूक होती ती तीन जणांच्या जखमांवरून शेकडोंचं मरण ठरवण्यात. एकाच जागी सापडलेली हाडं एकाच वेळची असतात, हे आपण गृहीत धरलं होतं.

उत्खननात मातीचे थर काळाचा क्रम सांगतात. इथे दरडी कोसळल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांनी हाडं हलवली, काहींनी आठवण म्हणून घरीही नेली. त्यामुळे थर उरलेच नाहीत. प्रत्येक हाडाला स्वतंत्रपणे विचारावं लागतं.

आता त्या ‘उरलेल्या एका’चा विचार करा. आग्नेय आशियाशी नातं सांगणारा, आपल्याला माहीत असलेला तो एकटाच. त्याचं हाड कुणाच्या सॅकमधून खाली गेलं असतं, तर तो माणूस इतिहासात कधी नव्हताच, असं आपण मानलं असतं. तेव्हा अशा जागी जाल, तर फोटो हवे तितके काढा. हाडाला मात्र हात लावू नका.